पणजीच्या माहेरचा शोध

हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. कयाधू नदीच्या कांठीं वसलेल्या या गांवीं, परंपरेप्रमाणें शके ११९२ मध्यें म्हणजे इ. स. १२७० सालीं, दामाशेटी शिंप्याच्या घरीं नामदेवांचा जन्म झाला. त्या घरांतील स्त्रियांचीं नांवें साडेसातशें वर्षांनंतर आजहि वारकऱ्यांच्या जिभेवर आहेत. आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, कन्या लिंबाई. लाडाई, गोडाई, येसाई आणि साखराई या चार सुना. आणि दासी म्हणून वावरणारी, पण वाणीनें कोणाहून उणी नसलेली जनाबाई. एका सामान्य शिंप्याच्या घरांतील नऊ स्त्रिया नांवानिशीं ओळखतां याव्यात, ही लहान गोष्ट नव्हे. हीं नांवें कोणा कारकुनानें दप्तरांत नोंदविलेलीं नाहींत. तीं अभंगांनीं राखलीं.

आतां याच नरसीच्या पंचक्रोशींत, किंवा सेनगांव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत यांपैकीं कोणत्याहि तालुक्यांत एखाद्या जुन्या शेतकरी घराण्याला विचारून पहावें कीं, १८८१ सालीं तुमच्या घरांत जी कर्ती बाई होती, तिचें नांव काय? पणजोबाचें नांव तत्काळ मिळेल. खापरपणजोबाचेंहि बहुधा मिळेल. बाईचें नांव विचारलें कीं ओसरीवरचे लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. कोणी म्हणेल, ‘तिला सारे थोरली माय म्हणत.’ ती कोणत्या गांवची, कोणाची लेक, कोणाची बहीण, हें विचारलें तर उत्तरच खुंटतें. तेराव्या शतकांतील गोणाई माहीत आहे. आणि जिच्या दुधावर स्वतःचा आजा वाढला ती एकोणिसाव्या शतकांतील पणजी माहीत नाहीं, असा हा विलक्षण प्रकार आहे.

या प्रश्नाला आज निराळेंच महत्त्व आलें आहे. सप्टेंबर १९२३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, सप्टेंबर २०२३ मध्यें राज्य सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली, आणि मराठवाड्यांतील निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हांपासून मोडी वाचणारे आणि उर्दू जाणणारे जुने लोक पुन्हां सन्मानानें शोधले जाऊं लागले. पुण्यामुंबईस स्थायिक झालेल्या कुटुंबांनींहि गांवाकडे पत्रें धाडून वंशावळी मागविल्या. ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीनें उपकारकच झाली. परंतु जातीचा पुरावा पित्याकडील नात्यानें ग्राह्य धरला जात असल्यामुळें या वंशावळी बापाकडून मुलाकडे सरळ उतरत जातात. त्यांत आईला जागा नाहीं, आणि आईच्या आईला तर मुळींच नाहीं. वंशवृक्षाच्या प्रत्येक फांदीला पुरुषाचें नांव असतें. पण ज्या मातींतून तो वृक्ष वाढला तिचें नांव कोठेंच लिहिलेलें नसतें.

ही अडचण एकट्या हिंदुस्थानची आहे असें मात्र समजूं नये. अमेरिकेंत आपल्या पूर्वजांचा शोध घेण्याचा छंद घरोघरीं आहे. तेथील शोधकांनाहि एकोणिसाव्या शतकांतील खेड्यांतील शेतकरणीपाशीं येऊन थबकावें लागतें. तेथें १७९० पासून दर दहा वर्षांनीं शिरगणती होत आली. पण १८४० पर्यंतच्या शिरगणतींत फक्त कुटुंबप्रमुखाचें नांव असे, आणि बायकामुलांची गणना वयाच्या रकान्यांतील आंकड्यांनीं होत असे. १८५० सालीं प्रथमच प्रत्येक स्वतंत्र माणसाचें नांव लिहिलें गेलें. गुलामांच्या वांट्याला तेंहि आलें नाहीं. कुटुंबप्रमुखाशीं नातें काय आणि आईबाप कोठें जन्मले, हे प्रश्न १८८० सालीं आले. त्यापुढची १८९० ची शिरगणति वॉशिंग्टन येथें १९२१ सालीं लागलेल्या आगीमुळें जवळजवळ सर्व नाहींशी झाली. शिवाय लग्न झालें कीं तेथील मुलीचें आडनांव बदलतें आणि माहेरचा धागा तुटतो. मग शोधक काय करतो? घरांतील बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या जन्ममृत्यूंच्या नोंदी पाहतो. यादवी युद्धांत पडलेल्या सैनिकाच्या विधवेनें पेन्शनसाठीं केलेला अर्ज धुंडाळतो. कारण त्या अर्जासोबत आपलें लग्न कोठें, कधीं, कोणासमक्ष झालें याचा पुरावा तिला द्यावा लागे. १८६२ च्या कायद्यानें सरकारी जमीन एकट्या स्त्रीला किंवा विधवेला मागतां येई. नवरा असलेल्या स्त्रीला बहुधा ती मिळत नसे. म्हणजे तेथेंहि नवरा असेतों बाई कागदावर दिसत नाहीं, आणि नवरा गेला म्हणजे दिसूं लागते.

फरक एवढाच कीं, तिकडील स्त्रीचें आडनांव जातें, आणि इकडे कित्येक घराण्यांत आडनांवाबरोबर नांवहि जातें. लग्नांत तांदुळाच्या ताटांत सोन्याच्या अंगठीनें नवें नांव लिहिण्याची चाल ज्यांच्यांत आहे, त्यांच्या घरीं माहेरची कृष्णी सासरीं लक्ष्मी होते, आणि पुढच्या पिढीला कृष्णी नांवाची मुलगी या जगांत होऊन गेली हेंहि कळत नाहीं. पुण्यामुंबईकडील अनेक घराण्यांनीं विसाव्या शतकांत आपले कुलवृत्तान्त छापून घेतले. त्यांतील चांगल्या ग्रंथांत सुनेचें माहेरचें नांव, तिच्या वडिलांचें नांव आणि गांव दिलेलें असतें. ही पद्धति अनुकरणीय आहे. मराठवाड्यांतील शेतकरी, कारू आणि भटक्या जातींच्या घराण्यांना असे छापील ग्रंथ क्वचितच लाभले. त्यांना मूळ कागदांकडेच वळावें लागतें.

हे मूळ कागद समजण्यासाठीं या भागाचा राजकीय इतिहास थोडक्यांत ध्यानीं ठेवला पाहिजे. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्यापूर्वीं हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. पहिल्या सालारजंगानें १८६५ सालीं संस्थानांत जिल्हाबंदी केली आणि पुढें जमिनीची मोजणी व धारेबंदी हातीं घेतली. वरिष्ठ कचेऱ्यांची भाषा आधीं फारसी होती. १८८० नंतरच्या दशकांत तिची जागा उर्दूनें घेतली. गांवचा कुळकर्णी मात्र मोडींतच लिहीत राहिला. त्यामुळें एकाच बाईचें नांव मोडींत एक, उर्दूंत दुसरें आणि १९५६ नंतरच्या बाळबोध उताऱ्यांत तिसरें, असें दिसूं शकतें. उर्दूंत ऱ्हस्व स्वर पुष्कळदां लिहीत नाहींत. म्हणून गिरजा, गुरुजा यांसारखीं नांवें नक्कल करणाऱ्याच्या हातीं एकमेकांत मिसळतात.

कालगणनेचाहि असाच घोळ होतो. निजामी कागदांवर बहुधा फसली साल असतें. त्यांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. शालिवाहन शकांत ७८ मिळवावे लागतात. हिजरी सन चांद्रमानाचा असल्यामुळें त्याला अशी ठरीव बेरीज लागू पडत नाहीं. उदाहरणार्थ, हैदराबाद संस्थानची पहिली शिरगणति १७ फेब्रुवारी १८८१ रोजीं झाली. त्या दिवशीं शके १८०२, फसली १२९० आणि हिजरी १२९८ हीं सालें चालू होतीं. फसली १२९० हें हिजरी समजून कोणी हिशेब केला, तर तो १८७३ सालावर जाऊन पोंचेल आणि बाईचें वय एकदम सात-आठ वर्षांनीं चुकेल. तेवढ्यानें आई ही मुलीची बहीण ठरण्याची वेळ येते.

येथें एका गैरसमजाचा उलगडा केला पाहिजे. शिरगणति झाली, गॅझेटियर छापलें, म्हणजे त्यांत आपल्या पणजीचें नांव असेल अशी पुष्कळांची कल्पना असते. तसें नाहीं. गॅझेटियरांत आणि शिरगणतीच्या छापील पुस्तकांत जातवार, गांववार किंवा तालुकावार आंकडे असतात. माणसांचीं नांवें नसतात. ज्या पत्रकांवर घरोघर नांवें लिहिलीं जात, तीं अमेरिकेप्रमाणें ७२ वर्षांनीं लोकांना खुलीं करण्याची चाल या देशांत नाहीं. १९४८ च्या शिरगणतीच्या कायद्यानें तीं पत्रकें पाहण्यास मनाईच आहे. १८८१ च्या त्या रात्रीं कळमनुरीच्या एखाद्या घरांत झोंपलेली बाई मोजली गेली खरी. पण आज ती आंकड्याच्या पोटांत आहे, नांवानें बाहेर येणार नाहीं.

मग ती सांपडते कोठें? जमिनीच्या कागदांत. तेथें तिच्या नांवापुढें एक लहानसा शब्द असतो, आणि तो शब्द हीच शोधाची किल्ली आहे. ‘कोम’ किंवा ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको. ‘भ्रतार’ या शब्दापुढें नवऱ्याचें नांव येतें. ‘बेवा’ म्हणजे विधवा. पुरुषाच्या नांवापुढें ‘बिन’ किंवा ‘वल्द’ येऊन बापाचें नांव येतें. या खुणा ओळखतां आल्या नाहींत, तर वाचणारा नवऱ्याला बाप समजतो आणि साराच वंश वांकड्या वाटेनें नेतो. बाईच्या नांवाला बापाचें नांव जोडलेलें फार क्वचित् आढळतें. तें आढळलें तर मोठा ठेवा लाभला असें समजावें.

हे कागद नीट पाहिले म्हणजे एक करुण सत्य लक्षांत येतें. सुखानें नांदणाऱ्या बाईचा उल्लेख कोणी करीत नाहीं. नवरा मेला आणि शेताचा फेर करावयाचा झाला, म्हणजे तिचें नांव येतें. मूल नाहीं म्हणून दत्तक घ्यावयाचा झाला, म्हणजे येतें. दिरांनीं अन्नवस्त्र नाकारलें आणि ती कचेरींत गेली, म्हणजे येतें. एखाद्या वतनदाराच्या घरीं तिच्या पोटाला चोळीबांगडी म्हणून तुकडा तोडून दिला, म्हणजे येतें. वतन आणि इनाम यांच्या चौकशींत, ज्याला निजामी अमलांत अतियातचें खातें म्हणत, वारसाहक्क ठरविण्यासाठीं घराण्याचा शजरा म्हणजे वंशवृक्ष दाखल करावा लागे. तो शोधकाला फार उपयोगी आहे. पण त्यावर डोळे मिटून विसंबूं नये. शजऱ्यांत ज्या पुरुषापुढें ‘लावल्द’ म्हणजे निपुत्रिक असें लिहिलेलें असतें, त्याला लेकी नव्हत्याच असें ठरत नाहीं. वारसाच्या कामीं लेकी धरल्या जात नसत, म्हणून त्या गाळल्या गेल्या असण्याचा संभव असतो. त्या गाळलेल्या लेकींपैकींच एखादी कोणाची तरी पणजी असते.

हिंगोलीच्या उत्तरेकडील भागाला आणखी एक विशेष आहे. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड. १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. नदीच्या अलीकडे निजामाचा अंमल राहिला. पण सोयरिकींनीं ही सरहद्द कधींच मानली नाहीं. वाशीम, पुसद, उमरखेडच्या लेकी कळमनुरी-सेनगांवकडे येत, आणि इकडच्या लेकी तिकडे जात. म्हणून पणजीचें माहेर वऱ्हाडांत आहे असें कळलें, तर शोध निजामी दप्तरांत न करतां इंग्रजी अमलाच्या दप्तरांत केला पाहिजे. तेथें गांवोगांव जन्ममृत्यूची नोंद होत असे, आणि तिलाच लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यांत बहुधा ‘अमक्यास मुलगी झाली’ एवढेंच असतें. मुलीचें नांव नसतें, आईचेंहि नसतें. तरी बाप, गांव, जात आणि तारीख या चार गोष्टी हातीं आल्या, म्हणजे तिच्या घराचा उंबरठा गांठतां येतो.

सरकारी दप्तरापेक्षां धर्माचें दप्तर या बाबतींत अधिक उदार आहे. श्राद्धाच्या संकल्पांत बाप, आजा आणि पणजा यांच्याबरोबर आई, आजी आणि पणजी यांचींहि नांवें घ्यावीं लागतात. इतकेंच नव्हे, तर आईचा बाप, त्याचा बाप आणि त्याचा आजा हेहि सपत्नीक स्मरावे लागतात. व्यवहारांत ज्यांना स्थान नव्हतें त्या आजोळच्या तीन पिढ्यांना शास्त्रानें पिंडाचा अधिकार दिला. म्हणून यात्रेस निघालेला गृहस्थ घरच्या वडीलधाऱ्यांकडून हीं नांवें पाठ करून जात असे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या बाडांत गांव आणि आडनांव यांच्या अनुरोधानें यजमानांचे लेख ठेवलेले असतात. नाशिक-त्र्यंबकचीं जुनीं बाडें मोडींत आहेत. आलेल्या यजमानानें आपले भाऊ, पुत्र, पुतणे आणि कित्येकदां घरांतील स्त्रिया यांचीं नांवें सांगावीं, आणि उपाध्यायानें तीं टिपून घ्यावीं, अशी वहिवाट होती. पणजीच्या माहेरचें गांव आणि आडनांव ठाऊक असेल, तर तिच्या भावाचा लेख शोधून काढावा. सासरच्या लेखांत ती ‘स्त्री’ असते. भावाच्या लेखांत ती बहीण असण्याचा संभव असतो.

कागद संपले तरी वाट संपत नाहीं. या प्रांतीं मामाची मुलगी करण्याची चाल जुनी आहे. इरावती कर्वे यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथांत महाराष्ट्रांतील या चालीचें विवेचन केलें आहे. शोधकाला ती फार मदत करते. आजोबांनीं मामाची मुलगी केली असेल, तर आजीचें माहेर आणि पणजीचें माहेर एकच. आजीचें माहेर घरांत पुष्कळांना माहीत असतें. त्या घरीं जाऊन चौकशी केली, म्हणजे जी पणजी सासरीं हरवली ती माहेरीं सांपडते. मराठा-कुणबी घरांत देवक जुळलें तर सोयरीक होत नाहीं, म्हणून माहेरचें देवकहि स्मरणांत राहतें. कुलदैवत कोणतें, जत्रा कोणती, आहेर कोणत्या गांवाहून येई, यांवरूनहि दिशा लागते. बंजाऱ्यांच्या तांड्यांत ढाडी आणि इतर कित्येक जातींत भाट वंशावळी पाठ म्हणतात. त्यांच्याकडे पुरुषांची ओळ अखंड मिळते आणि विचारल्यास सोयरिकीहि निघतात.

याहून मोलाचें साधन म्हणजे जात्यावरची ओवी. हें स्त्रियांनीं स्त्रियांसाठीं ठेवलेलें दप्तर होय. पहाटे दळतांना बाई भावाचें नांव घेते, माहेरची वाट सांगते, वाटेवरची नदी सांगते, गांवचा देव सांगते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वाट्व्हें यांनीं खेडोपाडीं हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. अशा ओव्या अजून हिंगोलीच्या खेड्यांतील वृद्ध स्त्रियांना आठवतात. मूळ ओवी सर्वांची असली, तरी गाणारी तींत आपल्या भावाचें आणि आपल्या गांवाचें नांव घालते. नातसुनेनें ती ऐकून उचलली असेल, तर कधीं कधीं जुनें नांवहि तसेंच राहून जातें. पुरावा म्हणून एकटी ओवी पुरी पडणार नाहीं. पण कोणत्या गांवीं जावयाचें हें ती बरोबर सांगते.

हें सारें प्रत्यक्षांत कसें जमवावें, तें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, कळमनुरी तालुक्यांतील एका घरीं पणजीचें ‘गंगाई’ एवढेंच नांव शिल्लक आहे. प्रथम घरांतील सर्वांत वृद्ध स्त्रीला गांठावें; पुरुषाला नव्हे. तिला तारखा विचारूं नयेत. पंचमीला आणि दिवाळीला मुराळी कोणत्या गांवाहून येत असे, बाळंतपण कोठें झालें, दुष्काळांत मुलें कोणाच्या घरीं ठेवलीं, असें विचारावें. दुसरें, १९५४-५५ चें खासरा पाहणी पत्रक पहावें. मराठवाड्यांतील जमिनीच्या शोधाला हें पत्रक पायरीच्या दगडासारखें आहे. त्यांत एखाद्या सर्व्हे नंबरावर ‘गंगाबाई भ्रतार’ असें निघालें, तर ती तोंवर हयात होती आणि नवरा आधीं वारला होता, हें कळतें. तिसरें, त्याच नंबराच्या मागील सेतवारांत जाऊन नवऱ्याचें नांव कोणत्या फसली सालापर्यंत चालतें तें पहावें. चौथें, आजीचें माहेर आणि मुराळ्याचें गांव एकच ठरतें का, तें ताडून पहावें. पांचवें, त्या गांवच्या घराण्याचा लेख तीर्थोपाध्यायाकडे काढावा. या पांचांपैकीं दोन निरनिराळ्या वाटा एकाच घरापाशीं येऊन मिळाल्या, तर शोध लागला असें म्हणण्यास हरकत नाहीं. एकच वाट असेल, तर ‘संभव’ असा शब्द लिहून थांबावें.

थांबतां येणें हा या कामांतील मोठा गुण आहे. वंशावळ लिहूं लागलें म्हणजे एखाद्या सरदाराशीं, संताशीं किंवा राजघराण्याशीं नातें जोडण्याचा मोह होतो. एका गांवीं त्याच आडनांवाचीं चार घरें असतात आणि चारींत एक गंगाई असते. शिवाय मध्यें मोठीं खिंडारें आहेत. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, त्यानंतर १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे पाठोपाठचे दुष्काळ आणि १९१८ ची इन्फ्ल्युएन्झाची साथ यांनीं घरेंच्या घरें उठविलीं. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली. जीं माणसें गांव सोडून गेलीं, त्यांच्या लेकींना माहेरच उरलें नाहीं. अशा बाईचा शोध लागला नाहीं, तर तो शोधकाचा दोष नव्हे. तें त्या काळाचें दुःख आहे, आणि तें जसेंच्या तसें लिहून ठेवावें.

माणसाच्या हातून लिहून ठेवलें गेलें म्हणजे केवढा फरक पडतो, हें दोन स्त्रियांच्या उदाहरणांवरून दिसेल. हिंगोलीच्या शेजारींच वऱ्हाडांतील बुलढाणें येथें ताराबाई शिंदे होऊन गेल्या. १८८२ सालीं पुण्यास छापलेलें त्यांचें ‘स्त्री-पुरुष तुलना’ हें पुस्तक आज सर्वत्र वाखाणलें जातें. महात्मा फुले यांनीं त्यांची बाजू घेतली होती. परंतु पुढें हें पुस्तक लोकांच्या विस्मरणांत गेलें, आणि स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं तें पुन्हां प्रसिद्ध करीपर्यंत विस्मरणांतच राहिलें. स्त्रीची बाजू एवढ्या तेजानें मांडणाऱ्या या बाईची ओळखहि डेप्युटी कमिशनरच्या कचेरींतील बापूजी हरि शिंदे यांची कन्या, अशी पित्याच्या नांवानें आणि हुद्द्यानेंच करून द्यावी लागते. उलट, खानदेशांतील आसोदें या गांवीं १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळखहि नव्हती. तरी त्यांचे वडील उखाजी महाजन, आई भीमाई, घमा, गना आणि घना हे भाऊ, अहिल्या, सीता आणि तुळसा या बहिणी, सारें घर महाराष्ट्राला ठाऊक आहे. कारण उघड आहे. मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनीं आईच्या तोंडचे शब्द कागदावर उतरून घेतले, आणि १९५१ सालीं त्या वारल्यानंतर पुढच्याच वर्षीं तीं गाणीं प्रसिद्ध झालीं. एकीला स्वतःला लिहितां येत होतें, दुसरीला येत नव्हतें. पण जिचें घर शिल्लक राहिलें ती दुसरी. आईविषयीं लिहून ठेवणारा मुलगा तिला लाभला होता.

कायद्यानें आज पुष्कळ मजल मारली आहे. महाराष्ट्रांत १९९४ सालीं आणि सबंध देशांत २००५ सालीं हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीला मुलाच्या बरोबरीनें जन्मतःच हक्क मिळाला. १ मे २०२४ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचें नांव सरकारी कागदांत लिहितांना, बालकाच्या नांवानंतर आधीं आईचें, मग वडिलांचें नांव लिहावें, असें राज्य सरकारनें ठरविलें. पुढील शतकांतील शोधकाला आजची आई सहज सांपडेल. तरी एक कागद तेव्हांहि त्याला विषण्ण करील. बापाच्या निधनानंतर लेकीचें नांव सात-बाऱ्यावर चढतें, आणि थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्रानें तें उतरतें. एकोणिसाव्या शतकांतील बाई नवरा मेला म्हणजे कागदावर येई. एकविसाव्या शतकांतील कित्येक बहिणी कागदावर येतात त्या पुन्हां निघून जाण्यासाठींच.

मागल्या शतकांतील स्त्रियांसाठीं मात्र आतां कोणताहि सरकारी ठराव उपयोगाचा नाहीं. त्यांचें काम घरांनींच केलें पाहिजे, आणि त्याला फार अवधि उरलेला नाहीं. ज्या आजीबाई आज पंचाऐंशीच्या पुढें आहेत, त्यांनीं लहानपणीं आपल्या आज्या पाहिल्या आहेत. आणि त्या आज्यांपैकीं पुष्कळ जणी एकोणिसाव्या शतकांत जन्मलेल्या होत्या. जिनें त्यांच्या मांडीवर बसून भाकरी खाल्ली, अशी साक्षीदार अजून ओसरीवर बसलेली आहे. हैदराबादच्या अभिलेखागारांतील कागद आणखी पन्नास वर्षें वाट पाहतील; ही साक्षीदार पाहणार नाहीं. तेव्हां पुढच्या सुटींत गांवीं जाणाऱ्यांनीं एक वही बरोबर न्यावी. तिच्या पहिल्या पानावर आईचें नांव लिहावें, त्याखालीं आईच्या आईचें, त्याखालीं तिच्या आईचें. आणि प्रत्येक नांवापुढें माहेरचें गांव आणि एका तरी भावाचें नांव लिहावें. तीन ओळी भरल्या तरी एक शतक मागें जातां येतें. चौथी ओळ कोरी राहिली, तर तीहि तशीच ठेवावी. कारण त्या कोऱ्या ओळीवर कोणी तरी होतें.